चुकीच्या धातूच्या चकतीवर पाडलेले नाणे कसे ओळखावे

नेहमीच्या रंगाचे नसलेले नाणे हाती आले की ते टांकसाळीच्या चुकीतून आले असावे, असे संग्राहकाला लगेच वाटू लागते. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानांच्या गल्ल्यात, केएमटीच्या शहर बसमधील वाहकांकडच्या सुट्या पैशांत किंवा बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या पिशवीत पांढरट दिसणारे पाच रुपये किंवा पिवळसर एक रुपया अधूनमधून निघतो आणि त्याचे छायाचित्र ‘एरर’ म्हणून हातोहात पसरते. अशा नाण्यांपैकी बहुतेकांचा रंग टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर बदललेला असतो. चुकीच्या चकतीवर पाडलेल्या नाण्याचे वजन, आकारमान आणि धातू या तिन्ही गोष्टी त्या काळी त्या टांकसाळीत प्रत्यक्ष वापरात असलेल्या एखाद्या दुसऱ्या चकतीशी जुळाव्या लागतात. दोन जुळल्या आणि तिसरीचा उलगडा होत नसेल, तर ते नाणे तूर्त बाजूला ठेवावे आणि ‘एरर’ म्हणून कोणाला विकू नये. पुढे सांगितलेल्या सगळ्या चाचण्या या एकाच नियमाभोवती फिरतात.

ही चूक कशी घडते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण चुकीच्या खुणा त्या प्रक्रियेतच असतात. धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जातात, त्या तापवून मऊ केल्या जातात, स्वच्छ केल्या जातात, आणि त्यांची कड दाबून किंचित उचलली जाते. या कोऱ्या चकत्या मोठ्या पात्रांतून दाबयंत्रापर्यंत येतात. तेथे वरचा आणि खालचा ठसा यांच्यामध्ये चकती बसते, आणि तिच्या भोवती असलेल्या पोलादी कड्यामुळे, ज्याला कॉलर म्हणतात, दाबाखाली पसरणारा धातू ठरावीक व्यासापलीकडे जात नाही. आधीच्या कामातील एखादी चकती पात्राच्या कोपऱ्यात किंवा यंत्राच्या नळीत अडकून राहिली आणि दुसऱ्या मूल्याचे काम सुरू झाल्यावर सुटली, तर ती चुकीच्या ठशांखाली जाते. संग्राहक अशा नाण्याला ‘राँग प्लँचेट’ किंवा ‘ऑफ-मेटल’ म्हणतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कॉलरच्या आत बसण्यासाठी चकती त्या कॉलरपेक्षा लहान किंवा जेमतेम तेवढीच असावी लागते. म्हणून लहान नाण्याची चकती मोठ्या नाण्याच्या ठशांखाली जाणे स्वाभाविक असते, तर मोठी चकती लहान कॉलरमध्ये नीट बसू शकत नाही; ती कॉलरवरच राहून दाबली गेली, तर नाणे कडेने पसरट आणि बेढब होते. कोणी मोठ्या नाण्याच्या धातूचे, पण लहान नाण्याच्या अचूक व्यासाचे आणि नीटस कडेचे नाणे दाखवू लागला, तर संशय घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

आता मोजमापांकडे वळू. आपल्या चलनातील नाण्यांची अधिकृत मापे जवळ लिहून ठेवल्याशिवाय या कामाला हात घालू नये. १९९२ पासूनचा एक रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम असलेल्या पोलादाचा, ४.८५ ग्रॅम वजनाचा आणि २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ च्या मालिकेत तो ३.७९ ग्रॅम आणि जवळजवळ २२ मिलिमीटर झाला, आणि २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅम आणि २० मिलिमीटर. अकरा बाजूंचे जुने दोन रुपये ताम्र-निकेलचे, ६ ग्रॅमचे आणि २६ मिलिमीटरचे होते. २०११ च्या मालिकेतील दोन रुपये पोलादी, ४.८५ ग्रॅम आणि २५ मिलिमीटर, तर २०१९ चे ४.०७ ग्रॅम आणि २३ मिलिमीटर आहेत. पाच रुपयांच्या जाड ताम्र-निकेल नाण्याचे वजन ९ ग्रॅम आणि व्यास २३ मिलिमीटर होता. पुढे त्याच व्यासात ६ ग्रॅमचे पोलादी आणि मग ६ ग्रॅमचेच निकेल-पितळी नाणे आले, आणि २०१९ मध्ये निकेल-पितळेचे ६.७४ ग्रॅम आणि २५ मिलिमीटरचे. नाणे कोणत्या टांकसाळीचे आहे हे सालाखालच्या खुणेवरून कळते: मुंबईची खूण डायमंड, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब, आणि कोलकात्याची खूण नसते. १९८५ मध्ये आणि पुन्हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारताने काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली होती. त्या सालांचे नाणे तपासताना त्या खुणाही ओळखता आल्या पाहिजेत, कारण तिथे शेजारच्या पात्रात कोणाची चकती असेल हा प्रश्न वेगळा होतो.

पहिली चाचणी लोहचुंबकाची. फेरिटिक पोलाद आणि शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतात. ताम्र-निकेल, निकेल-पितळ, कांसे आणि ॲल्युमिनियम चिकटत नाहीत. एक छोटा, पण जोरदार चुंबक दोऱ्याला टांगून नाण्याजवळ न्यावा, आणि त्याच्या शेजारी त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे साधे नाणे ठेवून दोन्हींची ओढ ताडून पाहावी. किंचित ओढ जाणवली तर सावध व्हावे: अचुंबकीय नाण्यावर निकेलचा पातळ मुलामा असेल, तर चुंबक हलकासा वळतो, चिकटत नाही. चुंबक पोलाद आणि निकेल यांतला फरक मात्र सांगू शकत नाही, आणि १९६२ ते १९७४ या काळातला १० ग्रॅमचा रुपया निकेलचा होता, हे जुनी नाणी तपासताना ध्यानात ठेवावे.

दुसरी चाचणी वजनाची, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. एका ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटा या कामासाठी पुरतो, मात्र तो दर वेळी प्रमाण वजनाने तपासून घ्यावा आणि पंखा बंद करून, घट्ट टेबलावर ठेवून वापरावा. ज्यांच्याकडे काटा नाही त्यांच्यासाठी कोल्हापुरात गुजरी हा सराफ बाजार आहे. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंतचे वजन मिळते. वजन किमान तीनदा घ्यावे आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. टांकसाळीतही चकत्यांच्या वजनात थोडा फरक पडतो आणि कायद्यानेच त्याला मर्यादित सूट दिलेली असते, त्यामुळे ४.८५ ऐवजी ४.८१ दिसले म्हणून घाबरू नये. पण ६ ग्रॅमच्या नाण्याचे वजन ५.३ भरत असेल आणि ते दुसऱ्या कुठल्याच चकतीशी जुळत नसेल, तर ते नाणे झिजलेले, आम्लात बुडवलेले किंवा बनावट आहे असे आधी धरावे.

व्यास आणि जाडी यांसाठी व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर लागतो. शिवाजी उद्यमनगरच्या यंत्रशाळांत ही साधने रोजच्या वापरातली आहेत, आणि तिथल्या कारागिरांइतके अचूक माप घेणारे हात इतर ठिकाणी सहज मिळत नाहीत. व्यास एकाच जागी न मोजता नाणे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावा, कारण लहान चकती मोठ्या कॉलरमध्ये मध्यभागी न बसता एका बाजूला सरकलेली असते आणि धातू सगळीकडे सारखा पसरत नाही.

वजन आणि आकार पटले तरी धातूबद्दल शंका राहते तेव्हा घनता मोजावी, आणि ही चाचणी घरी करता येते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात असे बुडवावे की ते पूर्ण बुडेल, पण वाटीच्या तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. त्यावर हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. आता काटा जो आकडा दाखवील तो बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय, आणि नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. पोलादी नाण्याची घनता ७.७ च्या आसपास, निकेल-पितळेची ८.५ ते ८.६, ताम्र-निकेलची ८.९ आणि ॲल्युमिनियमची २.७ च्या आसपास येते. ३.७९ ग्रॅमच्या नाण्याने ०.४९ ग्रॅम पाणी सारले तर भागाकार ७.७ येतो आणि पोलाद सिद्ध होते. ताम्र-निकेल आणि निकेल-पितळ यांच्यात मात्र सहा ग्रॅमच्या नाण्यामागे केवळ ०.०३ ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून तेथे अनेकदा मोजून सरासरी घ्यावी आणि शक्य असेल तर सराफाचा काटाच वापरावा.

आता उदाहरणे पाहू. समजा २०१३ सालचे पाच रुपयांचे नाणे पांढरे दिसते आहे. ते चुंबकाला घट्ट चिकटले, वजन ३.७९ ग्रॅम भरले, व्यास २२ आणि २३ मिलिमीटरच्या दरम्यान कमी-जास्त होतो आहे, कडेजवळची अक्षरे अर्धवट कापली गेली आहेत आणि ठशाची खोली उथळ आहे, तर सगळे धागे एकाच ठिकाणी येऊन मिळतात: ही एक रुपयाची पोलादी चकती आहे, जी पाच रुपयांच्या ठशांखाली गेली. पोलाद निकेल-पितळेपेक्षा कठीण आणि चकतीही पातळ, म्हणून ठसा पूर्ण भरला नाही. याउलट त्याच सालाचे पांढरे नाणे ६ ग्रॅमचे, बरोबर २३ मिलिमीटरचे, स्पष्ट अक्षरांचे आणि चुंबकाला न चिकटणारे निघाले, तर ते पाच रुपयांच्या नेहमीच्याच चकतीवर पाडलेले आहे आणि त्याला पांढरेपणा नंतर आलेला आहे. जस्ताचा, निकेलचा किंवा क्रोमियमचा मुलामा हे त्याचे नेहमीचे कारण. पितळ किंवा तांब्यावर पारा चोळूनही असा पांढरा रंग आणला जातो; पारा विषारी असल्यामुळे असे नाणे हातात खेळवू नये.

पिवळ्या एक रुपयाचे प्रकरण याहून सरळ आहे. २०११ च्या मालिकेतील रुपयाची कॉलर २२ मिलिमीटरची असल्याने २३ मिलिमीटरच्या नाण्याची पितळी चकती तिच्यात बसत नाही. त्यामुळे नीटस कडेचा, नेमक्या व्यासाचा, ३.७९ ग्रॅमचा पिवळा रुपया चुंबकाला चिकटला की तपास तेथेच संपतो: ते मुलामा दिलेले साधे नाणे आहे.

अकरा बाजूंच्या दोन रुपयांत खऱ्या चुकीला चांगला वाव होता, कारण १९९२ नंतर ताम्र-निकेलचे दोन रुपये आणि पोलादी एक रुपया एकाच काळात पाडले जात होते. रुपयाची २५ मिलिमीटरची गोल चकती २६ मिलिमीटरच्या अकरा बाजूंच्या कॉलरमध्ये गेली, तर कोपऱ्यांपर्यंत धातू पोहोचत नाही, कोपरे बोथट किंवा अदृश्य राहतात, वजन ४.८५ येते आणि चुंबक चिकटतो. असे नाणे ओळखायला नवशिक्यालाही अडचण पडू नये.

एक जोडी मात्र अशी आहे की जिच्यात चूक झाली तरी ती कधीच सिद्ध करता येणार नाही. जुना एक रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपये या दोहोंचा धातू, वजन आणि व्यास एकच आहेत. एकाच्या उरलेल्या चकत्या दुसऱ्यासाठी वापरल्या गेल्या असल्या, तरी नाण्यावर त्याचा कुठलाही पुरावा राहत नाही, म्हणून अशा नाण्याबद्दल कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी दावा स्वीकारू नये.

या विषयातले जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ चा एक सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादावर पाडला गेला, पण आधीच्या वर्षाच्या उरलेल्या काही कांस्य चकत्या त्याच ठशांखाली गेल्या. पुढच्या वर्षी उलटे होऊन १९४४ चे काही सेंट पोलादावर उमटले. १९४३ चा कांस्य सेंट इतका मौल्यवान ठरला की पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन, किंवा १९४८ सालातील आठाचा आकडा तासून त्याचा तीन करून, असंख्य बनावट नाणी तयार झाली. पहिल्या प्रकारची लबाडी चुंबक उघडी पाडतो, आणि वजनही: पोलादी सेंट २.७ ग्रॅमचा, तर कांस्याचा ३.११ ग्रॅमचा. दुसऱ्या प्रकारासाठी भिंगाखाली आकड्याची ठेवण पाहावी लागते. आपल्याकडच्या पिवळ्या रुपयामागची युक्ती यांपैकी मुलाम्याचीच आहे.

धातू वेगळा आहे, पण चूक नाही, अशीही नाणी असतात, आणि त्यांत अनेक प्रामाणिक संग्राहक फसतात. लोकमान्य टिळकांचे २००७ चे पाच रुपयांचे स्मारक नाणे ताम्र-निकेल आणि पोलाद अशा दोन्ही धातूंत अधिकृतपणे निघाले. दहा पैशांचे १९७१ चे नाणे निकेल-पितळेतही आहे आणि ॲल्युमिनियममध्येही. म्हणून कुठलाही दावा करण्यापूर्वी त्या सालात त्या मूल्याचे नाणे किती धातूंत निघाले होते हे चांगल्या नाणेसूचीत पाहणे अपरिहार्य आहे.

रंग बदलण्याची कारणे आपल्या आसपासच भरपूर आहेत. पंचगंगेत सोडलेले नाणे गाळात राहून काळवंडते किंवा त्याच्यातील जस्त निघून जाऊन ते तांबूस होते. देवघरातली नाणी हळद-कुंकू, तेल आणि चिंचेच्या आंबट पाण्याने रंग धरतात. आगीतून निघालेले नाणे निळसर-जांभळे पडते. या सर्वांत वजन जवळजवळ तेच राहते, आणि भिंगाखाली रंग खोलगट भागात साचलेला, उंच भागावर झिजून मूळ धातू उघडा पडलेला दिसतो. खऱ्या चुकीच्या नाण्यात रंग आरपार एकच असतो.

दहापट भिंगाखाली पाहताना चार गोष्टी शोधाव्यात. ठसा मारताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा राहतात. नवे नाणे प्रकाशात फिरवले की या रेषांमुळे चमक गोलाकार सरकते. मुलामा दिलेल्या नाण्यावर या रेषा बुजलेल्या आणि अक्षरांच्या कडा गोलसर झालेल्या असतात. आम्लात बुडवलेल्या नाण्यावर सगळेच तपशील सारख्या प्रमाणात पातळ होतात, खऱ्या लहान चकतीवर मात्र मधला भाग स्पष्ट आणि कडेचा अपुरा असतो. ओतीव नकलेवर हवेच्या बारीक छिद्रांचे ठिपके दिसतात. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यात मधली चकती काढून दुसरी बसवली आहे का, हे ठरवण्यासाठी सांध्यावर लक्ष द्यावे: टांकसाळीत दोन्ही भाग एकाच दाबाखाली जुळतात, त्यामुळे सांध्यावरून जाणारे चित्र अखंड असते; हाताने बसवलेल्या चकतीभोवती फट, ओरखडे किंवा चित्राची फारकत दिसते.

येथे कोल्हापूरकरांना एक आग्रहाची विनंती आहे. सराफाकडे गेलात तर वजनापुरतेच जा, नाणे कसोटीवर घासू देऊ नका, आणि आम्लाचा थेंबही लावू देऊ नका. फाउंड्रीत धातू ओळखायला कानस किंवा ठिणगीची चाचणी करतात, ती नाण्याला वर्ज्य आहे. एका ओरखड्याने दुर्मीळ नाण्याचे संग्रहमूल्य बहुतांश निघून जाते. शिवाय २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार चलनी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. दगडावर आपटून आवाज ऐकण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी.

नाण्याला धक्का न लावता धातू सांगणारे साधन म्हणजे क्ष-किरणांवर चालणारे एक्सआरएफ यंत्र. सोन्याच्या शुद्धतेसाठी गुजरीत आणि चांदीचा टंच काढण्यासाठी हुपरीत अशी यंत्रे ओळखीची आहेत. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. हे यंत्र पृष्ठभागाचाच पातळ थर वाचते, म्हणून मुलाम्यावर ते मुलाम्याचेच उत्तर देईल. दोन्ही बाजूंवर आणि कडेच्या झिजलेल्या जागी वेगवेगळे वाचन घ्यावे. आणि यंत्र केवळ सोने-चांदीच्या मोजणीसाठी लावलेले असेल, तर लोखंड, निकेल, जस्त यांचे आकडे विश्वसनीय येत नाहीत. सर्व मूलद्रव्यांची यादी मागावी आणि शेजारी एक साधे नाणे तपासून यंत्र त्याचे ज्ञात मिश्रण बरोबर सांगते का, ते आधी पाहावे.

ही सगळी पद्धत यंत्राने, ठरावीक मापात पाडलेल्या नाण्यांना लागू पडते. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या उत्खननासारख्या ठिकाणी मिळणारी सातवाहनकालीन शिशाची नाणी किंवा घराघरांत सापडणारी तांब्याची शिवराई नाणी यांची वजने मुळातच कमी-जास्त असत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ‘चुकीची चकती’ असा शब्दप्रयोग अर्थहीन ठरतो.

नाणे सर्व चाचण्यांतून उतरले, तर ते धुऊ नये, पुसू नये, आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवावे. सोबत एका कागदावर साल, टांकसाळीची खूण, तीन वेळा घेतलेले वजन, चार-पाच ठिकाणचा व्यास, चुंबकाचा निकाल, घनता, आणि ते कोठे व कसे मिळाले याची नोंद ठेवावी; काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे, आकडा दिसेल असे छायाचित्रही त्यात असावे. नाणे फार महत्त्वाचे वाटले, तर पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारख्या परदेशी संस्थांकडून प्रमाणित करून घेता येते. खर्च बराच असल्याने त्याआधी एखाद्या अनुभवी नाणेसंग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. विक्रीसाठी कोणी रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून आगाऊ शुल्क, कमिशन किंवा कर मागितला, तर व्यवहार तेथेच थांबवावा: आपण असा व्यवहार करत नाही आणि आपल्या नावाने कोणालाही शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे.